कासरा सैल झाल्यावर

अ‍ॅब्लेशन, म्हणजे छाती न उघडता तारेनं हृदयातला नको तो विजेचा मार्ग बंद करण्याचा उपचार, करून रुग्ण घरी आला, की दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे एक फोन हमखास येतो. तार आत घातलेली जांघेतली जखम ठीक असते, ताप नसतो, छातीतली ती जुनी वेडीवाकडी धडधडही थांबलेली असते. तक्रार असते ती आकड्याची. आधी स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला ६८ पडणारे ठोके आता ८८ पडतात. घरातलं कुणीतरी काळजीनं विचारतं, "साहेब, धडधड बंद कराले नेलं होतं बाबाले, आता त नाडी अजूनच पयते. काहून?"

प्रश्न रास्त आहे. उपचार ठोक्यांवर केला आणि उपचारानंतर ठोकेच वाढले, तर काहीतरी बिघडलं असंच कुणालाही वाटेल. पण बहुतेकांच्या हृदयात नवं काही बिघडलेलं नसतं. आधीपासून झाकलेलं काहीतरी उघडं पडलेलं असतं. ते झाकलेलं काय आहे, ते माणसाला कधी उमगलं आणि अ‍ॅब्लेशनच्या तारेचा त्याला धक्का कसा लागला, याचा माग काढायचा तर घड्याळाच्याही आधीच्या काळात जावं लागतं.

मोजण्याआधीची नाडी

चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांमध्ये नाडीपरीक्षेचा स्वतंत्र विचार नाही. तो सविस्तर येतो शारंगधरसंहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. अंगठ्याच्या मुळाशी बोटं ठेवून वैद्यानं काय पाहायचं, हे शारंगधर प्राण्यांच्या चालीवरून सांगतो. वाताची नाडी जळूसारखी किंवा सापासारखी, पित्ताची बेडकासारखी किंवा कावळ्यासारखी, कफाची हंसासारखी किंवा पारव्यासारखी. काम-क्रोधानं ती वेगवान होते, चिंता आणि भीतीनं क्षीण होते, भुकेल्याची चंचल आणि जेवलेल्याची स्थिर असते, हेही तो नोंदवतो. थांबत थांबत चालणारी नाडी त्यानं प्राणघातक मानली आहे. या सगळ्यात एकही आकडा नाही. वैद्याला चाल कळायला हवी होती. मिनिटाला किती, असं त्याला कुणी विचारत नव्हतं, कारण मिनिटच नव्हतं.

मोजायचा प्रयत्न भूमध्य समुद्राकाठी फार आधी झाला होता. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपास अलेक्झांड्रियात हिरोफिलस नावाचा वैद्य जलघटिका घेऊन रुग्णाची नाडी तपासायचा. त्याची ही पद्धत त्याच्याबरोबरच मागे पडली. मग १७०७मध्ये इंग्लंडमधल्या लिचफिल्डचा वैद्य जॉन फ्लॉयर यानं खास नाडीसाठी एक घड्याळ करवून घेतलं. ते बरोबर एक मिनिट चालायचं आणि थांबायचं. 'मिनिटाला इतके ठोके' ही आज आपल्याला उपजत वाटणारी भाषा तिथून रूढ होत गेली.

वऱ्हाडाच्या रोजच्या जगण्यात मिनिटाची शिस्त आली ती मुख्यतः आगगाडीबरोबर. भुसावळहून निघालेला जीआयपी रेल्वेचा फाटा अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७मध्ये नागपूरला पोचला. त्या रुळांवरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींचा या कथेशी थोडा संबंध आहे. तो पुढे येईल.

कासरा सापडतो

हृदय का धडधडतं यापेक्षा ते सावकाश का धडधडतं, हा प्रश्न अवघड होता. त्याचं उत्तर १८४५मध्ये मिळालं. लाइपझिगचे अर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर हे भाऊ बेडकांवर प्रयोग करत होते. मेंदूपासून निघून मानेतून छातीत उतरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूला त्यांनी विजेचा झटका दिला, तेव्हा हृदय वेगानं पळायच्या ऐवजी मंदावलं आणि थांबलं. नेपल्सच्या परिषदेत त्यांनी हे जाहीर केलं. तोवर मज्जातंतू म्हणजे अवयवाला कामाला लावणारा, एवढंच ठाऊक होतं. अवयवाला आवरणारा मज्जातंतूही असतो, हे पहिल्यांदा दिसलं.

तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. जोडी पळणारच असते. धुरकऱ्याचं निम्मं कसब कासऱ्यात असतं. व्हेगस हा हृदयाचा कासरा.

मग पळणारं नेमकं कोण, ते १९०७मध्ये कळलं. आर्थर कीथ आणि त्याचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांना इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या ब्रेडगर गावी चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या मोल या प्राण्याच्या हृदयात, वरच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी, वेगळ्याच पेशींचा एक पुंजका दिसला. हाच सायनस नोड, ठोक्याचा उगम. त्याच्या आदल्याच वर्षी मारबुर्गमध्ये सुनाओ तवारा या जपानी संशोधकानं वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला विजेचा सांधा, म्हणजे एव्ही नोड, शोधून काढला होता. व्हेगस या पेशींना आवरतो कसा, हे ओटो लोवीनं १९२१मध्ये ग्राझला दाखवलं. त्यानं एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस चेतवला, त्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर ओतलं आणि तेही मंदावलं. म्हणजे आवरण्याचं काम एक रसायन करत होतं. पुढे ते अ‍ॅसिटिलकोलीन ठरलं आणि १९३६मध्ये लोवीला नोबेल मिळालं.

कासरा पूर्ण सोडला तर हृदय किती पळेल? १९६६मध्ये ए. डी. होजे यांनी निरोगी माणसांना दोन औषधं एकत्र दिली, एक व्हेगसचा परिणाम थांबवणारं आणि दुसरं हृदयाला डिवचणाऱ्या सिंपथेटिक तंतूंचा. दोन्ही बाजूंचं नियंत्रण गेल्यावर उरला तो सायनस नोडचा स्वतःचा वेग. त्यातून १९७०मध्ये एक सूत्र प्रसिद्ध झालं: ११८.१ मधून वयाच्या ०.५७ पट वजा करा. विशीत हा वेग येतो १०७च्या आसपास, पन्नाशीत ९०, साठीत ८४. म्हणजे शांत बसलेल्या साठीच्या माणसाची ६८ची नाडी ही मुळातच आवरून धरलेली नाडी आहे. घरच्यांना धास्ती घालणारा ८८ हा आकडा त्याच्या हृदयाच्या स्वतःच्या वेगाच्या अगदी जवळचा आहे.

याचा धडधडीत पुरावा प्रत्यारोपणात मिळाला. १९६८च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. पण पुढे जगभर जे रुग्ण वर्षानुवर्षं जगले, त्यांच्यात दिसलं की रोपलेलं हृदय स्वस्थ बसलं असतानाही मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं. दात्याच्या छातीतून काढताना व्हेगस कापला जातो आणि तो लगेच जोडला जात नाही.

तालमीतली संथ नाडी

कासरा घट्ट असलेली माणसं पाहायची तर अमरावतीइतकं योग्य गाव नाही. वैद्य बंधूंनी १९१४मध्ये इथे हनुमान व्यायामशाळा सुरू केली. पुढे तिचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. रोज घाम गाळणाऱ्या अशा तरुणांची विश्रांतीतली नाडी ५०च्या घरात असणं नवलाचं नाही. स्वीडनच्या हेन्शेननं १८९९मध्ये स्कीवरून लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्यांची हृदयं छातीवर बोटं ठोकून तपासली आणि ती मोठी झाल्याचं नोंदवलं. 'खेळाडूचं हृदय' ही कल्पना त्याचीच. नाडी संथ होण्यामागे व्हेगसचा जोर असतो, आणि अलीकडच्या संशोधनानुसार वर्षानुवर्षांच्या कसरतीनं सायनस नोड स्वतःही मंदावतो.

तालमीची ही गोष्ट इथे यायला कारण आहे. आयुष्यभर दमश्वासाचा व्यायाम केलेल्या पुरुषांमध्ये उतारवयात एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांचा विकार जास्त आढळतो. त्यामुळे अ‍ॅब्लेशनच्या टेबलावर अशी माणसंही येतात. ज्यांना ५२ची सवय आहे, त्यांना ७५ म्हणजे धावल्यासारखं वाटतं. डॉक्टर कागदावर 'सामान्य' लिहितात आणि रुग्णाला ते पटत नाही, कारण तो तुलना करतो ती स्वतःच्या जुन्या नाडीशी.

बर्नलीची अनियमित नाडी

१८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या. त्याच लँकशायरमधल्या बर्नली या विणकरांच्या गावी १८७९मध्ये जेम्स मॅकेन्झी नावाचा तरुण डॉक्टर दवाखाना चालवायला आला. तो ना मोठ्या रुग्णालयाचा, ना विद्यापीठाचा. गिरणीकामगारांचा आणि त्यांच्या बायकामुलांचा साधा फॅमिली डॉक्टर. पण तो तेच ते रुग्ण वीस-वीस वर्षं पाहत राहिला. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची लहर एकाच कागदपट्टीवर उमटवणारं पॉलिग्राफ हे यंत्र त्यानं बनवून घेतलं.

त्याच्या एका स्त्री रुग्णाच्या हृदयाची झडप सांधेदुखीच्या तापानं आकसली होती. तिच्या मानेतल्या शिरेवर वरच्या कप्प्याच्या आकुंचनाची लहर तो वर्षानुवर्षं टिपत होता. १८९०च्या दशकाअखेरीस एके दिवशी ती लहर गायब झाली आणि नाडी कायमची अनियमित झाली. वरचा कप्पा पंगू झाला, असं त्याला वाटलं. खरं कारण थॉमस लुईसनं १९०९मध्ये आइंथोव्हेनच्या नव्या ईसीजी यंत्रावर दाखवलं. कप्पा पंगू नव्हता. तो शेकडो विस्कळित लहरींनी नुसता थरथरत होता. हेच एट्रियल फिब्रिलेशन. तसल्या तापानं झडप आकसलेले रुग्ण आणि त्यांच्यातलं फिब्रिलेशन वऱ्हाडातल्या डॉक्टरांना आजही अनोळखी नाही.

मॅकेन्झीच्या पट्टीनं आणि लुईसच्या ईसीजीनं शारंगधराचा प्रश्न पुन्हा समोर आणला. नाडी ९० आहे एवढं पुरेसं नाही, ती ९० कशी चालते? ठोके समान अंतरानं पडत असतील तर ती एक गोष्ट, विखरून पडत असतील तर दुसरीच.

अपघाताचा वारसा

१९७९मध्ये फ्रान्समध्ये एका रुग्णाच्या हृदयात तपासणीची तार असताना त्याला विजेचा झटका द्यावा लागला. झटका चुकून तारेतून आत गेला आणि वरच्या-खालच्या कप्प्यांमधला विजेचा मार्ग कायमचा तुटला. ही दुर्घटना वाचून काहींच्या मनात आलं, की हेच मुद्दाम केलं तर? सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी आधी कुत्र्यांवर आणि मग माणसांवर हे केलं. १९८२मध्ये त्यांचे आणि जॉन गॅलाघर यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छाती न उघडता हृदयातला नको तो विजेचा मार्ग बंद करता येतो, हे सिद्ध झालं.

झटका फार दांडगा होता. त्याची जागा रेडिओलहरींच्या उष्णतेनं घेतली. तारेचं टोक पेशींना पन्नास अंशांच्या वर तापवतं आणि काही मिलिमीटरचा डाग उरतो. जन्मजात जादा मार्ग असलेल्या रुग्णांवर १९९१मध्ये वॉरन जॅकमन आणि इतरांनी याचे असे निकाल दाखवले, की शस्त्रक्रिया मागे पडली. १९९०च्या दशकात हे तंत्र मुंबईसह भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत रुजलं.

१९९८मध्ये बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांनी ४५ रुग्णांमध्ये फिब्रिलेशन पेटवणाऱ्या ६९ ठिणग्यांचा माग काढला. त्यातल्या ९४ टक्के ठिणग्या फुफ्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या आत होत्या. तेव्हापासून फिब्रिलेशनचं अ‍ॅब्लेशन म्हणजे या चार शिरांच्या तोंडाभोवती डागांची कुंपणं घालणं.

याच शिरांच्या आसपास, हृदयाच्या बाहेरच्या चरबीत, व्हेगसची शेवटची ठाणी आहेत. मज्जापेशींचे हे बारीक गुच्छ व्हेगसचा संदेश सायनस नोडपर्यंत पोचवतात. वरच्या उजव्या शिरेजवळचा गुच्छ त्यात सर्वांत महत्त्वाचा. शिरेभोवती कुंपण घालताना उष्णता भिंतीपार जाते आणि हे गुच्छही भाजले जातात. कासऱ्याचे काही पदर तुटतात. नाडी वाढते ती इथे.

आकडा वाढतो, तेव्हा

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते फिब्रिलेशनच्या नव्हे, तर साध्या विकारांच्या अ‍ॅब्लेशननंतर. एव्ही नोडच्या परिसरात डाग दिलेल्या काही रुग्णांची विश्रांतीतली नाडी वाढते आणि ठोक्याठोक्यातला नैसर्गिक फरक कमी होतो, असं १९९३मध्ये 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आलं. श्वास घेताना नाडी जरा वाढते, सोडताना जरा उतरते. हा चढउतार व्हेगसमुळे होतो. तो सपाट होणं ही कासरा सैल झाल्याची खूण. २००४मध्ये कार्लो पापोने यांच्या गटानं २९७ रुग्णांचा अभ्यास मांडला. सुमारे एक तृतीयांश जणांमध्ये व्हेगसचे हे गुच्छ निकामी झाले होते आणि त्यांच्यात फिब्रिलेशन परतण्याचं प्रमाण कमी होतं. वाढलेली नाडी म्हणजे काम पक्कं झाल्याची पावती, असं त्यावरून काही जण मानू लागले. पुढचे सगळे अभ्यास तितके स्पष्ट निघाले नाहीत, म्हणून आज कुणी त्यावर पैज लावत नाही.

२००५मध्ये साओ पावलोच्या होजे पाशोन यांनी ही गोष्ट उलटी फिरवली. काही तरुण माणसांचा व्हेगस इतका जोरात ओढतो, की नाडी थांबते आणि ते चक्कर येऊन पडतात. त्यांचे हे गुच्छ पाशोन यांनी मुद्दाम जाळले. २१ रुग्णांपासून सुरू झालेली ही पद्धत आज कार्डिओन्यूरोअ‍ॅब्लेशन म्हणून ओळखली जाते. एका उपचाराचा नको असलेला परिणाम दुसऱ्या उपचाराचं उद्दिष्ट झाला.

फिब्रिलेशनच्या रुग्णात मात्र वाढलेली नाडी सोसायचीच असते. साधारणपणे ती दहा-पंधरा ठोक्यांनी वाढते, पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असते आणि पुढच्या आठवड्या-महिन्यांत हळूहळू उतरते. काहींची वर्षभरानंतरही जुन्या आकड्यावर येत नाही. तिनं हृदयाला इजा होते असं दिसलेलं नाही. धडधड फारच त्रास देत असेल तर डॉक्टर काही काळ ठोके मंदावणारं बीटा ब्लॉकर हे औषध देतात. ते आपल्या मनानं सुरू किंवा बंद करू नये.

एका प्रकारात नाडी मुद्दाम वाढवून ठेवलेली असते. काही रुग्णांत वरचा-खालचा विजेचा सांधाच तोडून पेसमेकर बसवतात. असा सांधा तोडल्यावर नाडी एकदम खाली आणली तर खालच्या कप्प्यात घातक गडबड होऊ शकते, असं १९९०च्या दशकात दिसलं. त्यामुळे पेसमेकर पहिले काही आठवडे ते महिने ८०-९०वर लावून ठेवतात. अशा रुग्णाच्या घरच्यांनी ८५चा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. तो यंत्रानं ठरवलेला आहे.

नागपूरचा उपचार, अकोल्यातली विश्रांती

वऱ्हाडातला रुग्ण अ‍ॅब्लेशनसाठी नागपूर, मुंबई, पुणे किंवा हैदराबादची वाट धरत आला आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता; अकोल्यासह उरलेले जिल्हे २०१३च्या नोव्हेंबरात आले. पुढे योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. हृदयाच्या महागड्या उपचारांसाठी लांबच्या शहरात जाणं त्यामुळे अनेकांच्या आवाक्यात आलं. पण अशा रुग्णाचं रुग्णालयातलं वास्तव्य दोन-तीन दिवसांचं असतं आणि बरं होणं मात्र दोन-तीन महिन्यांचं. ते घरी होतं. मधल्या काळात दोन शहरांना जोडणारा धागा असतो फोनवर सांगितलेला नाडीचा आकडा. म्हणून तो नीट घेता यायला हवा.

सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं स्वस्थ बसावं. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय इथे नडते, कारण ठोके विखुरलेले असतील तर पंधरा सेकंदांत काहीही आकडा येतो. आकड्याबरोबर ठोके समान अंतरानं पडतात का, हेही लिहावं. फिब्रिलेशनमध्ये काही ठोके इतके दुबळे असतात, की ते मनगटापर्यंत पोचतच नाहीत. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ११० मिळाले आणि मनगटावर ८५, असं होऊ शकतं. नाडी मोजणारं मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लहर मोजतं, त्यामुळे ते ठोके त्यालाही दिसत नाहीत. १९६१मध्ये नॉर्मन होल्टरनं चोवीस तास ईसीजी घ्यायचं तंत्र जगासमोर मांडलं. त्याच्या सुरुवातीच्या यंत्राचं पाठीवरचं ओझं सुमारे ३८ किलो होतं. आज तेच काम मुठीत मावणारं यंत्र करतं. शंका असेल तर होल्टर लावावा. घड्याळावरून भांडू नये.

साधा ईसीजी अमरावतीत इर्विनला किंवा अकोल्यात सर्वोपचारला निघतो आणि कागद वाचणं अवघड नाही. पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर सरकते, म्हणून एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. दोन उंच टोकांमध्ये चार मोठे चौकोन असतील तर ३०० भागिले चार, म्हणजे नाडी ७५. तीन असतील तर १००. टोकांमधली अंतरं कमी-जास्त असतील तर तीस चौकोनांतली टोकं मोजून दहानं गुणावं. प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक लहान गोल उंचवटा असेल आणि अंतरं सारखी असतील, तर ९०ची ती नाडी सायनस नोडची आहे. उंचवटा नाही आणि अंतरं विस्कटलेली, तर फिब्रिलेशन परतलेलं असू शकतं. तेही पहिल्या दोन-तीन महिन्यांत झालं तर उपचार फसला असं लगेच ठरत नाही. भाजलेली जागा सुजलेली असते, तोवरचे झटके हिशेबात धरायचे नाहीत, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. हा काळ पूर्वी तीन महिने होता. २०२४च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी तो आठ आठवड्यांवर आणला.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा हिशेब मात्र या शिफारशींत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे जातो. २०२४च्या मेअखेरीस तर उष्णतेपायी जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला. उन्हात त्वचेकडे जादा रक्त पाठवण्यासाठी हृदय वेग वाढवतं आणि घामानं पाणी कमी झालं की आणखी वाढवतं. त्यात कासरा सैल. मेमध्ये घरी आलेल्या रुग्णाची दुपारची नाडी ९८ असेल तर आधी कूलरसमोर बसवून, पाणी देऊन, तासाभरानं पुन्हा मोजावी. हृदयाची ताकद कमी असलेल्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

ज्या दिसल्यावर थांबू नये, अशा गोष्टीही आहेत. विश्रांतीत १२०च्या वर टिकून राहिलेली नाडी, डोळ्यांपुढे अंधारी, दम लागणं, छातीत दुखणं, जांघेत वाढत जाणारी सूज किंवा रक्तस्राव, तोंड वाकडं होणं किंवा हात उचलता न येणं. आणि पहिल्या दोन महिन्यांत कधीही ताप येऊन गिळताना दुखू लागलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हृदयाच्या मागेच अन्ननलिका असते आणि उष्णतेची झळ क्वचित तिच्यापर्यंत पोचते. रक्त पातळ करणारी गोळी तर नाडी कितीही सुधारली तरी सांगितलेल्या मुदतीआधी सोडायची नाही.

आकड्याचं वय

अ‍ॅब्लेशननंतर वाढणाऱ्या नाडीचा इतिहास जेमतेम तीन दशकांचा आहे आणि तो तापवण्या-गोठवण्याशी बांधलेला आहे. जाळलं की गुच्छ भाजतात; गोठवलं तरी त्यांना इजा होते. आता तिसरी रीत आली आहे. पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशनमध्ये अतिशय कमी वेळाचे विजेचे स्पंद पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात. हृदयाचा स्नायू त्याला लवकर बळी पडतो, मज्जापेशी बऱ्याच तगतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा पहिल्या यंत्रणांना डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४मध्ये मान्यता दिली. भारतातल्या मोठ्या केंद्रांतही हे तंत्र आलं आहे. या पद्धतीनंतर नाडी जवळपास वाढत नाही किंवा थोडीच वाढते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

याचा अर्थ आजचा दिलासा उद्या सरसकट देता येणार नाही. उष्णतेनं अ‍ॅब्लेशन झालेल्याची नाडी २० ठोक्यांनी वाढली, ती समान अंतरानं पडते आहे आणि बाकी सगळं ठीक आहे, तर वाट पाहणं शहाणपणाचं. पल्स्ड फील्डनंतर तेवढीच वाढ झाली तर कारण शोधायला हवं: कुठे रक्त गेलं का, हृदयाभोवती पाणी साचलं का, जंतुसंसर्ग आहे का, थायरॉइड बिघडलं का. ८८ हाच आकडा दोन रुग्णांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो आणि त्यातली कोणती, हे छातीत काय केलं गेलं यावर ठरतं. म्हणून घरी निघताना डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी लिहून घ्याव्यात: अ‍ॅब्लेशन कोणत्या विकारासाठी झालं, ते जाळून, गोठवून की स्पंदांनी झालं, आणि निघण्याच्या दिवशी विश्रांतीतली नाडी किती होती. अमरावतीतल्या किंवा अकोल्यातल्या फॅमिली डॉक्टरला पुढचे तीन महिने याच तीन ओळींवर निर्णय घ्यायचा असतो.